मामांची हातोडी, मामींची पिशवी

वाशीमला खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला नाव, गाव, जात, पगार यातलं काहीच विचारलं नाही. ट्रंक खाली ठेव म्हणून बोटानं खुणावलं, दारामागची लांब दांड्याची हातोडी काढली आणि ट्रंकेवर ठक ठक केलं. मग ते शेजारी उभ्या असलेल्या बायकोकडे बघत राहिले. त्या बाईंच्या हातात एक कापडी पिशवी होती. स्वतःच्याच घरात, चुलीपासून चार पावलांवर, ही बाई पिशवी घेऊन का उभी आहे, असं मला वाटलं. पण खोली मागायला आलेल्या माणसानं असलं काही विचारायचं नसतं. बाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"तळ गेला हाय," मालक म्हणाले.

तळ खरोखरच गेलेला होता. आमच्या कोकणातल्या दमट हवेनं पत्रा खाऊन टाकला होता आणि मी आतून जुनी वर्तमानपत्रं अंथरून अब्रू झाकली होती. एवढ्या प्रवासात हमालाला कळलं नाही ते या गृहस्थांनी उंबऱ्यात ओळखलं. मी ओशाळलो. त्यांनी मात्र खोलीची किल्ली हातात दिली आणि ट्रंक भिंतीला टेकवून ठेवू नको, ओल धरते, एवढी ताकीद दिली. त्या घरात मी लग्न होईपर्यंत राहिलो.

गल्लीत त्यांना सगळे मामा म्हणत आणि त्यांच्या बायकोला मामी. मूळचे अनसिंगचे. रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांचं रेल्वेतलं काम सांगितलं तर आजच्या मुलांना खरं वाटायचं नाही. आमच्या त्या मीटरगेज लाइनवर गाडी स्टेशनात थांबली की हातोडी घेऊन एक माणूस गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचा आणि प्रत्येक चाकावर एक ठोका मारायचा. चाक चांगलं असेल तर घंटेसारखं खणखणतं, तडा असेल तर मडक्यासारखं बद्द वाजतं. तो माणूस म्हणजे मामा. चांगल्या डब्यावर ते खडूनं गोल काढत, नादुरुस्त डब्यावर फुली मारत आणि त्या डब्याला 'सिक' म्हणत. लोक खिडकीतून केळी घेत असताना आणि चहावाल्याशी हुज्जत घालत असताना त्यांचा जीव या माणसाच्या कानावर टांगलेला असे, आणि कुणाला त्याचा पत्ता नसे.

रिटायर होताना माणसं घड्याळ घेतात, शाल घेतात. मामा हातोडी आणि खडू घेऊन घरी आले आणि सगळ्या वाशीमची तपासणी त्यांनी अंगावर घेतली. माठ, टरबूज, पाण्याची टाकी, खाटेचे पाय, विहिरीचा रहाट, जे समोर येईल ते वाजवायचं आणि त्यावर गोल नाहीतर फुली काढायची. माझ्या खाटेच्या एका पायावर फुली होती. ती मी पुसली तर दुसऱ्या दिवशी परत आली. शेवटी मी मुकाट्यानं पाय बदलून घेतला. मला एकदा ताप आला तेव्हा मामांनी पालथा हात कपाळावर ठेवला, रेल्वेत आसाची पेटी गरम झाली का ते बघतात तसा, आणि मामींना म्हणाले, "एक्सल गरम हाय. याले आज यार्डातच ठेवा." मामींनी मला ज्वारीची पातळ आंबील पाजली आणि खरंच दिवसभर उठू दिलं नाही.

एकदा गल्लीतल्या एका गृहस्थांनी मुलीसाठी मुलगा बघायला जाताना शोभेला म्हणून मामांना सोबत नेलं. मुलाकडच्यांनी अंगणात नवी कोरी सायकल उभी केली होती. मामांनी चहाच्या आधी सायकल वाजवली. रंग नवा असला तरी दांडा मोडून जोडलेला आहे, हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. परत येताना मुलीच्या बापानं काळजीत पडून विचारलं, मुलगा कसा वाटला. मामा म्हणाले, "सायकल सिक हाय. पोराचं मले माहीत नाही, त्याले वाजवू देलं नाही." लग्न झालं आणि चांगलं झालं. सायकल मात्र वर्षाच्या आत मोडली, ही गोष्ट मामा न विसरता सांगत.

या सगळ्या फेऱ्यांत मामी कायम बरोबर असत. मामा बाजारात गेले तरी मामी शेजारी, चक्कीवर गेले तरी शेजारी. मागे नाही, शेजारी. त्या काळात वाशीमच्या रस्त्यावर नवराबायको असे बरोबरीनं चालताना दिसले की लोक वळून बघत. मामांना कुणी छेडलंच तर ते सांगत, की छप्पन साली दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो आणि परतताना ठरवलं, हिनं आता मागून चालायचं नाही. हे ते ठसक्यात सांगत. मामी पिशवी सावरत गालात हसत.

आमच्याच गल्लीत एक काकू होत्या. त्या मामांच्या घरचं पाणी पीत नसत. तसं त्या तोंडानं म्हणत नसत, पण मामींनी तांब्या पुढे केला की त्यांना नेमकी तेव्हाच तहान नसे. उन्हाळ्यात नवा माठ घेतला की मात्र त्या तो मामांच्या ओट्यावर आणून ठेवीत. मामा मन लावून वाजवत आणि गोल काढून परत देत. मला हे सहन होत नसे. एकदा मी चिडून बोललो तेव्हा मामा म्हणाले, "जाऊ दे ना. हातोडीले इटाळ नसते, एवढं तं समजलं तिले. बाकीचंबी समजन." माझा राग काही गेला नाही. त्यांचा बहुधा माझ्या जन्माआधीच करून झाला होता.

मामा फार मोठ्यानं बोलत. रेल्वेत हळू बोलून भागत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याशी बोलायचं तर समोर उभं राहावं लागे. पाठीमागून हाक मारली की ते ओ देत नसत. मला वाटे, मालकीचा तोरा असेल. एका संध्याकाळी मी ऑफिसातून रुळांच्या कडेनं घरी येत होतो. पुढे मामा एकटेच चाललेले दिसले, रुळांमधल्या स्लिपरांवरून, रमतगमत. मामी मुलीकडे कामरगावला गेल्या होत्या. मागून मालगाडीचं इंजिन शिट्ट्यांवर शिट्ट्या मारत येत होतं, एवढ्या की झाडावरचे बगळे उठले. मामा चालतच होते. मी धावत जाऊन त्यांच्या सदऱ्याला धरून बाजूला ओढलं. गाडी गेली. मामा पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "कोनाले सांगू नको."

मामी परत आल्यावर त्यांनीच मला सगळं सांगितलं. नोकरीच्या शेवटच्या काळात मामांचे कान गेले. आयुष्यभर लोखंडावर लोखंड मारून आणखी काय होणार होतं? मामी रोज स्टेशनावर डबा घेऊन जात. एक दिवस मामांनी चाकावर ठोका मारला आणि नुसतेच उभे राहिले. मामींना त्यांच्या तोंडावरून कळलं. त्या जवळ गेल्या आणि म्हणाल्या, वाजलं चांगलं, चला पुढं. त्या दिवसापासून त्या गाडीबरोबर चालू लागल्या. इतकी वर्षं प्लॅटफॉर्मवर उभ्या राहून त्यांचा कान आपोआप तयार झालेला होता. चाक खणखणलं तर त्या तशाच उभ्या राहत. बद्द वाजलं की डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेत. मामा फुली मारत. स्टेशनवाल्यांना वाटे, बाई नवऱ्याच्या मागे लागून जेवायला घालते.

"गाड्या गेल्या न सगळ्या नीट," मामी म्हणाल्या. त्या स्वतःचीच समजूत काढत होत्या असं मला वाटलं. मी कुणाला सांगणार नाही, असं कबूल केलं. खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मला ते दोघं जास्तच आवडू लागले.

आता आमच्या सरकारी ऑफिसातल्या डोंग्याबद्दल सांगायला हवं. पावसाळ्यात रिसोडच्या पलीकडे पैनगंगेला पूर आला की काठावरची काही गावं तुटत. त्यांच्यासाठी आमच्या ऑफिसकडे एक होडी होती, जिला तिकडे सगळे डोंगा म्हणत, आणि ती वाहून न्यायला एक लोखंडी गाडा होता. जीपच्या मागे आकड्याला अडकवून ओढायचा तसला. दोन लांब चॅनल, म्हणजे पन्हळीसारख्या लोखंडी तुळया, आडव्या पट्ट्या, एक्सल, कमानपाटे. कुठल्याशा खात्यानं नको म्हणून टाकलेला हा संसार आमच्या गळ्यात पडला होता. मी नोकरीवर रुजू झालो तेव्हा साहेबांनी विचारलं, कुठला? मी म्हटलं, रत्नागिरी जिल्ह्यातला. साहेब खूश झाले आणि डोंगा माझ्याकडे सोपवला. माझं गाव समुद्रापासून पार आत डोंगरात आहे आणि मी तोवर होडीत पाय ठेवलेला नाही, हे ऐकून घ्यायला कुणालाच वेळ नव्हता.

वर्षातले बरेच महिने डोंगा आवारातल्या कडुनिंबाखाली गाड्यावर पालथा पडलेला असे. ऑफिसात जागा कमी, म्हणून खताच्या गोण्या त्याच्याखाली, गाड्याच्या पट्ट्यांवर रचून ठेवत. छप्पर आयतंच मिळालं म्हणून आम्ही स्वतःवर खूश होतो. खत पाझरतं आणि लोखंड खातं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आणि दरवर्षी मार्चअखेर आली की रंगासाठी मंजूर झालेले पैसे परत जाऊ नयेत म्हणून गाडा रंगवला जाई. खरवडायला वेगळी मंजुरी लागे आणि ती कधी येत नसे, म्हणून जुन्या रंगावर नवा रंग. एका वर्षी हिरवा, एका वर्षी करडा, कुठला उरला असेल तो. गाडा कायम लग्नाला निघाल्यासारखा दिसायचा.

मी आलो त्याच्या आधीच्या पावसाळ्यात गाडा वाटेतच बसला होता आणि डोंगा नदीवर पोचलाच नव्हता. पलीकडच्या एका अडलेल्या बाईला गुळाच्या काहिलीत बसवून पुरातून आणावं लागलं. बाई वाचली, मूलही वाचलं, पण ती काहील भोवऱ्यात गिरक्या घेत होती तेव्हा काठावरच्या माणसांनी काय भोगलं ते ऐकून साहेबांची झोप उडाली होती. यंदा पाऊस पडायच्या आत डोंगा नदीवर गेलाच पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. गाडा डागडुजी होऊन, रंगून उभा होता. पण साहेबांना आता रंगाचा भरवसा वाटत नव्हता. अकोल्याहून तपासनीस यायला महिने लागले असते. शिपायानं मामांचं नाव सांगितलं. साहेब मला म्हणाले, तुमचे घरमालक ना, घेऊन या.

मी एवढंच म्हणालो, की मामा मामींशिवाय कुठे जात नाहीत, तर जीपमधून दोघांना आणू. साहेब हसले आणि हो म्हणाले.

दोघं आले. मामांनी धुतलेला सदरा आणि रेल्वेची जुनी टोपी घातली होती. मामींच्या हातात पिशवी होती. आवारात जत्रा भरली होती. गाड्याला जीप जोडलेली, डोंगा सुलटा करून वर बांधलेला, आणि डोंग्यात ऑफिसचे खलाशी, रिसोडला जाणारे दोन शिपाई, शिवाय ज्यांना एसटीचं तिकीट वाचवायचं होतं अशी आणखी काही मंडळी ऐसपैस बसलेली. डोंगा पाण्यात जाताना कुणी एवढ्या हौसेनं बसत नसे, पण रस्त्यावरून जाताना त्यात बसायला भांडणं होत. दोघीतिघी बायका लेकरांना मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मामांनी गोल काढला की निघायचं, एवढंच बाकी होतं.

आणि तेवढ्यात साहेबांच्या बाई आवारातल्याच त्यांच्या क्वार्टरच्या दारात आल्या. त्यांनी मामींना हाक मारली. उन्हात कशाला उभ्या राहता, आत या, चहा घेऊ.

मामी जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी मामांकडे पाहिलं. मामांना शब्द ऐकू आले नसतील, पण दारात उभ्या असलेल्या साहेबांच्या बाई आणि त्यांचा बोलावणारा हात त्यांना दिसला. मामींना आजवर कुठल्या साहेबाच्या घरात कुणी बोलावलं नव्हतं. स्टेशनावरच्या क्वार्टरांच्या मागच्या दारापर्यंत त्या कधी गेल्या असतील तेवढंच. मामांचा चेहरा मी बघत होतो. त्यात आधी भीती आली आणि मग तिच्यावर दुसरंच काहीतरी चढलं. ते म्हणाले, "जाय तू. मान देऊन बलावून राह्यल्या. जाय."

मामी पिशवीसकट आत गेल्या.

मामांनी पहिला ठोका मारला. मग दुसरा. चॅनलच्या एका टोकापासून ते निघाले, वाकून, एकेक पट्टी वाजवत. मी कान देऊन ऐकत होतो. मला सगळेच ठोके सारखे वाटले, गोधडीवर काठी मारल्यासारखे. त्या रंगाखाली आवाज गुदमरत होता, हे मला नंतर कळलं. मी घाबरून माझ्या हातातली फाइल या हातातून त्या हातात घेतली, परत त्या हातातून या हातात घेतली. मामांनी डोळे वटारले. माझ्या कानाला काही समजत नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि खोटी खूण देऊ नको असं ते डोळ्यांनीच सांगत होते. मी फाइल खाली ठेवली.

ते दुसऱ्या टोकाला पोचले. मग उगाचच परत पहिल्या टोकाला गेले. क्वार्टरच्या दाराकडे त्यांनी एकदा पाहिलं. दार लोटलेलं होतं. डोंग्यातलं एक लेकरू रडायला लागलं. ड्रायव्हरनं जीप सुरू केली.

"काय मामा, पास ना?" साहेबांनी विचारलं. ते समोरच उभे होते, म्हणून मामांना कळलं.

मामांनी खिशातून खडू काढला. चॅनलवर टेकवला. मला वाटलं, काढतील आता गोल आणि जाईल गाडा नीट. गेल्याच होत्या की सगळ्या गाड्या. खडू तिथेच राहिला. गोल काढला असता तर कुणाला कळणारही नव्हतं, निदान वाशीम सोडेपर्यंत तरी. फुली मारली असती तरी चाललं असतं. गाडा अडकून पडला असता आणि मामांचं नाव राहिलं असतं. पण मग पुराच्या वेळी पलीकडच्यांनी पुन्हा काहिलीत बसायचं. न ऐकता मारलेली फुलीही खोटीच होती.

त्यांनी खडू खाली घेतला आणि टोपी काढली.

"साहेब, मले आयकू येत नाही," ते म्हणाले. "माहे कान गेले, लय वरसं झाले. हे हातोडी मी मारतो, पन आयकते माही बायको. आजवर तिच्याच कानानं पास करत आलो. तिले बलवा."

डोंग्यात कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच थांबलं. साहेबांनी दुसऱ्या कुणाला पाठवलं नाही. स्वतः क्वार्टरच्या दाराशी गेले आणि मामींना म्हणाले, बाई, जरा बाहेर येता का, तुमच्याशिवाय अडलंय.

मामी बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात अजून कपबशी होती. काय झालं ते त्यांना मामांच्या उघड्या डोक्यावरून समजलं असावं. त्यांचे डोळे भरून आले. कपबशी त्यांनी माझ्या हातात दिली. पिशवी आतच राहिली होती, आणि ती आणायची आता गरज नव्हती. मामांनी ठोका मारला. मामी पुढे झाल्या आणि, मामांना कळावं म्हणून, मोठ्यानं म्हणाल्या, "रंगाचं वाजून राह्यलं. जोरानं मारा."

त्यांना चारचौघांत असं मोठ्यानं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. मामा जोरानं मारू लागले आणि मामी सांगत गेल्या. हे चांगलं. हेबी चांगलं. पुढं चला. एक्सलच्या थोडं पुढे, जिथे खताच्या गोण्या रचत असत, तिथे मामींनी हात वर केला. "अवो, थांबा. पुन्हा मारा." मामांनी पुन्हा मारलं. मामींनी वाकून चॅनलला कानच लावला आणि आणखी एक ठोका मारायला लावला.

"इथं लोखंड नाही," त्या म्हणाल्या.

मामांनी हातोडी उलटी करून निमुळत्या बाजूनं एक घाव घातला. हातोडी आत गेली. भोकातून गंजाचा भुगा आणि त्यात मिसळलेली पांढरी खताची पूड भुळभुळ खाली पडू लागली. वरच्या बाजूला हिरव्या, करड्या, लाल रंगाचा पापुद्रा तेवढा चॅनलचा आकार धरून उभा होता. आम्ही दरवर्षी इमानेइतबारे रंगवत होतो तो हा रंगच. डोंग्यातली माणसं कुणी काही न सांगता भराभर खाली उतरली. बायकांनी लेकरं आधी खाली दिली.

मग दुरुस्ती निघाली. साहेबांनी आधी गोण्या हलवायला लावल्या. गाडा खरवडायला मंजुरी मागायची का, असं मी विचारलं, त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी स्वतःच पत्रा घेऊन खरवडायला बसलो. रंग निघाला तसा गाड्याचा खरा चेहरा दिसू लागला. चॅनलचा तो तुकडा कापला, दोन पट्ट्या कापल्या, एक कमानपाटा मोडलेला निघाला. अकोल्याहून नवं लोखंड आलं. वेल्डर आला तेव्हा मामांनी त्याच्याशी भांडण काढलं. जोड म्हणजे रिव्हेट, डाक लावलेलं रेल्वेत कुणी धरत नाही. वेल्डरनं त्यांना बाजूला घेऊन, त्यांच्या तोंडासमोर तोंड आणून समजावलं, की या गंजून पातळ झालेल्या लोखंडाला भोकं पाडली तर उरलंय तेही जाईल. मामा त्या वेळी चुकत होते, आणि ते त्यांनी मान्यही केलं; अर्थात दोन दिवस अबोला धरून. चॅनलच्या खालच्या अंगाला पाणी निथळायला भोकं ठेवली ती मात्र त्यांच्याच आग्रहानं. चाकांचं ग्रीस बदललं. आणि शेवटपर्यंत त्यांनी रंगाचा डबा कुणाला उघडू दिला नाही. तिनं उघडं लोखंड ऐकल्याशिवाय रंग नाही, म्हणाले.

ज्या दिवशी मामींनी तो गाडा ऐकला त्या दिवशी आमचं सगळं ऑफिस आवारात होतं, आणि कुणी खोकतसुद्धा नव्हतं. मामा मारत गेले, मामी ऐकत गेल्या. त्या दिवशी माझ्यासारख्यालाही फरक कळला. चॅनल खणखणत होता. शेवटचा ठोका झाल्यावर मामी म्हणाल्या, "पास."

मामांनी खडू काढला, पण लगेच परत खिशात टाकला. पावसात जाईल, म्हणाले. रंगाऱ्याकडून त्यांनी पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश घेतला आणि मामींसमोर धरला. मामींना लिहिता येत नव्हतं. आयुष्यभर जिथे तिथे अंगठा उमटवला होता. त्या मागे सरकल्या, नको नको म्हणाल्या. मामा ब्रश धरून उभे राहिले, हात अवघडला तरी. अखेर मामींनी ब्रश घेतला आणि चॅनलवर, आकड्याच्या वर, एक गोल काढला. हाताला सवय नसल्यामुळे तो जरा लांबट झाला, पपईसारखा.

पाऊस यायच्या आत डोंगा नदीवर गेला. त्या पावसाळ्यात पूर आला आणि गावकऱ्यांची काहील गुऱ्हाळातच राहिली. मामांचे कान गेल्याचं सगळ्या वाशीमला कळलं, आणि मला भीती होती तसं काहीच झालं नाही. माठ येतच राहिले. फक्त आता ओट्यावर मामी बसत आणि माठ त्यांच्यासमोर येई. गल्लीतल्या त्या काकूही आल्या. मामींच्या कानाला माठ लागायचा म्हणजे मामींचा हात माठाला लागणार, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्या क्षणभर घुटमळल्या. मग त्यांनी माठ पुढे केला. मामींनी तो हातात घेऊन नीट ऐकला आणि त्यावर फुली मारली. त्यावर मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि काकू स्वतः उठून त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेल्या.

पुढे दर मार्चअखेर मामा आणि मामी आमच्या आवारात येऊन कडुनिंबाखाली बसत. रंगारी काम करत आणि मामा नजर ठेवत. रंगाऱ्याचा ब्रश आकड्याकडे आला की ते उठून उभे राहत.

"तेवढी जागा सोड. तिची सही हाय ते."

माझी बदली झाली, मग दुसरी झाली. मामा गेले, त्यांच्यामागून मामीही गेल्या. बऱ्याच वर्षांनी कामानिमित्त वाशीमला गेलो तेव्हा आवारात मुद्दाम डोकावलो. गाडा तिथेच होता. साहेब बदलले होते, रंगारी बदलले होते, पण ती जागा सगळ्यांनी सोडली होती. का सोडायची ते कुणाला सांगता आलं नाही. पहिल्यापासून सोडतात, म्हणाले. भोवती रंगाचे थर चढून चढून तो लांबट गोल खाली खोल गेला होता. मी वाकून बोटाच्या पेरानं तिथे वाजवलं आणि कान लावला. मला त्यातलं काही कळत नाही. पण वाजलं.